नदीवरची चार वर्षं

अठरा वर्षांनी घरी येणारा भाऊ पुढच्या दारानं येईल, असं क्लेमनं गृहीतच धरलं होतं. म्हणून तो अकरा वाजल्यापासून कोट चढवून पुढच्या खोलीत बसला होता आणि गाडीचा आवाज आला की पडदा सरकवत होता. विल्फ आला तो मागून, थेम्सच्या काठाकाठानं, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून टोपी हातात घेऊन उभा राहिला. एनिड ओव्हनसमोर वाकली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"पाय पूस," ती म्हणाली.

"पुसले."

"परत पूस. ओहोटीचा चिखल एकदा पुसून जात नाही, विसरलास वाटतं."

विल्फनं निमूटपणे परत पाय पुसले. बासष्ट वर्षांचा बाप्या, पण धाकट्या बहिणीपुढं अजून तस्साच. एनिडनं भाजलेल्या बीफचा ट्रे बाहेर काढून ठेवला आणि मग त्याच्याकडं नीट बघितलं. कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती. आल्या आल्या याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं तिनं आठवडाभर ठरवलं होतं. पत्राला उत्तर नाही, नाताळला साधं कार्ड नाही. पण जिना चढल्यासारखा चाललेला त्याचा श्वास तिनं ऐकला आणि राग कुठल्या कुठं गेला.

"बस. कोबी चीर," तिनं सुरी पुढं केली. "आणि मी सांगते ते ऐक. क्लेम कंपनी विकायला निघालाय."

"पत्रात लिहिलंयस तू."

"रसेलनं गळ घातलीय त्याला. ती उत्तरेकडची लॉरीवाली मंडळी आहेत ना, त्यांना आपली एसेक्सची दलदल हवीय, कचरा टाकायला. आणायचा मात्र रस्त्यानं, आपल्यासारखा नदीनं नाही. बार्ज ओढणारे टग विकून टाकणार, बार्ज मोडीत. त्रेसष्ट माणसं घरी बसणार."

"तुला धरून?"

"मला कोण धरतंय मोजणीत?"

खरंच होतं ते. स्कॅडिंग अँड सन्स ही कंपनी आजोबांनी एका बार्जवर, सपाट बुडाच्या मालवाहू होडीवर, सुरू केली, समुद्रावरून आलेला कोळसा भरतीबरोबर वर लंडनच्या, कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्यांना पोचवायचा. जमिनीवरच्या माणसांवर म्हाताऱ्याचा काडीचा भरवसा नव्हता. त्यानं कंपनीच्या करारातच लिहून ठेवलं की ज्यानं नदीवर सात वर्षं हाताखाली राबून उमेदवारी केली आणि नावाड्यांच्या संघाच्या हॉलमधून परवाना मिळवला, त्यालाच घरात मत. बाकीच्यांनी जेवावं आणि गप्प बसावं. क्लेमचा मुलगा रसेल कॉलेजात गेला, त्याला मत नाही. एनिड चाळीस वर्षं ऑफिस सांभाळत होती, पण बायकांना तेव्हा उमेदवारीला घेतच नसत, म्हणून तिलाही नाही. आता परवानेवाले उरले होते दोघे, क्लेम आणि विल्फ. दोघांचा होकार असेल तरच कंपनी विकता येणार होती.

"तू फक्त नाही म्हण," एनिड म्हणाली. "दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडं."

"म्हणतो ना. खुशाल म्हणतो." विल्फची सुरी थांबली. "पण आधी मी त्यांना खरं सांगणार, एनिड. आता मला झेपत नाही ते."

एनिडनं जाऊन दार लावून घेतलं.

"काही सांगायचं नाही."

"चार वर्षं तू नदीवर राबलीस आणि परवाना..."

"हळू बोल!"

चाळीस साली विल्फची उमेदवारी दोन वर्षांची झाली होती आणि तो रक्त थुंकायला लागला. डॉक्टरांनी त्याला केंटमधल्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये धाडलं. उमेदवारीत एवढा खंड पडला की सगळं पहिल्यापासून, आणि हा पोरगा जगेल की नाही याचीच खात्री नव्हती. थोरला क्लेम नौदलात, त्याची तरी काय शाश्वती. बाबांनी एका दुपारी सोळा वर्षांच्या एनिडला याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, लोकर कातरायच्या कात्रीनं तिचे केस कापले, विल्फची टोपी तिच्या डोक्यावर दाबली आणि सांगितलं, "आजपासून बाहेर तोंड उघडायचं नाही." चव्वेचाळीसपर्यंत ती विल्फ होती. बार्जवरच्या दोनचार जणांना कळलंच असणार. पण युद्ध चालू होतं, आणि ते लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नसत. ते सगळे आता गेले. बाबांनी दोघांना बायबलवर हात ठेवायला लावला होता, क्लेमलासुद्धा सांगायचं नाही म्हणून.

सातवं वर्ष विल्फनं कसंबसं स्वतः काढलं, आणि परवान्याच्या परीक्षेलाही तोच गेला. आदल्या आठवड्यात एनिडनं टेबलावर चमचे मांडून त्याला शिकवलं, हा लंडन ब्रिज, हा सदर्क, इथं ओहोटीला पाणी डावीकडं ओढतं, इथं बार्ज आडवी होऊ द्यायची नाही. हॉलमध्ये तो तिचीच वाक्यं बोलून आला.

"तू बोललास की काय होईल ठाऊक आहे?" एनिड आता त्याच्यासमोर बसली. "तुझा परवाना खोटा. परवाना खोटा म्हणजे मत गेलं. मग राहिला एकटा क्लेम, तो आजच्या आज सही ठोकेल. तो वकील ऑकेट जेवायलाच येतोय, कागद घेऊन."

"मग तुझं मत..."

"माझं नाव आहे का कुठल्या उमेदवारीच्या कागदावर? मला कुठलं आलंय मत?"

विल्फनं सुरी खाली ठेवली. "तुला माहितेय मी का गेलो ते?" तो म्हणाला.

"कचरा वाहणार नाही म्हणून. सगळ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडून गेलास. मी झाडूवाल्यांचा नावाडी होणार नाही म्हणून."

"कचऱ्याचं निमित्त होतं गं. तू रोज सकाळी कागद आणून ठेवायचीस माझ्यापुढं. इथं सही कर विल्फ, तिथं सही कर विल्फ. तुझ्या परवान्यावर माझी सही. मला घास उतरायचा नाही."

हे एनिडला नवीन होतं. सदुसष्ट साली समुद्रातून गॅस यायला लागला, एकेक कारखाना बंद पडला, आणि कोळसा संपला. सगळे पुरुष हातपाय गाळून बसलेले असताना तिनंच म्हटलं होतं की शहर कोळसा जाळायचं थांबेल, घाण करायचं थांबणार नाही. कौन्सिलच्या दारात तिनं महिनोन्महिने खेटे घातले. पूर्वी भरलेल्या बार्ज वर जायच्या आणि रिकाम्या खाली यायच्या, आता उलटं, शहराचा कचरा भरून खाली एसेक्सच्या दलदलीत. त्या पायी भाऊ घर सोडून गेला, ही बोच तिनं अठरा वर्षं बाळगली होती. आपल्यामुळं गेला, एवढं खरंच होतं, पण ते असं.

"गाढवा," ती म्हणाली. "एवढं सांगायला अठरा वर्षं लागतात?"

"तू बोलू देतेस कुठं?"

"आजही देणार नाही. मला वचन दे."

विल्फनं वचन दिलं. मनापासून दिलं, त्यात खोट नव्हती.

तिकडं पुढच्या खोलीत रसेल बापाला गोळ्यांची आठवण करून देत होता. रसेलला घरात सगळे लोभी समजत, आणि थोडा होताही, पण गेल्या दोन हिवाळ्यांत बापाला हॉस्पिटलात त्यानंच नेलं होतं.

"काका आलेत मागच्या दारानं," तो म्हणाला. "आत्या आत पढवत असेल त्यांना."

"विल्फला कोण पढवणार?" क्लेम म्हणाला. "कचरा शिवणार नाही म्हणून गेला तो. त्याला ही कंपनी गेली तर आनंदच होईल."

पण असं बोलताना क्लेमला बरं वाटत नव्हतं. विल्फचा त्याला फार अभिमान होता. आपण अटलांटिकवर होतो तेव्हा हा सतरा वर्षांचा पोरगा बॉम्ब पडत असताना नदीवर बार्ज हाकत होता, हे तो अजून क्लबात लोकांना ऐकवायचा. अशा माणसाला आपण रुसून जाऊ दिलं, एकदाही न्यायला गेलो नाही. आता घरी बोलावलं तेही सहीसाठी. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं गोळी पाण्याशिवायच गिळली.

जेवायला बसले तेव्हा दीड वाजला होता. टेबलावर पाचवे होते मिस्टर ऑकेट, कंपनीचे वकील, बारीक चणीचे आणि खाण्याचे शौकीन. सुरुवातीला सगळं गोडीगोडीत चाललं. क्लेमनं मांस कापलं, विल्फला मधला लुसलुशीत काप दिला.

"खा रे. तिकडं उपाशी ठेवतात का तुला?"

"एकटा माणूस काय करून खाणार? टोस्ट."

"लग्न केलं असतंस तर."

"तुझं बघितलं ना, म्हणून नाही केलं," विल्फ म्हणाला, आणि क्लेम इतका हसला की रसेलनं घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मिस्टर ऑकेटनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला, तोंड पुसलं आणि कागद काढले. "रीतीप्रमाणं मला दोघांना विचारायला हवं. मिस्टर क्लेमेंट?"

"विकायची," क्लेम म्हणाला.

"मिस्टर विल्फ्रेड?"

"नाही."

क्लेमचा काटा ताटलीवर आपटला. "नाही? अरे, तूच ना म्हणाला होतास की..."

"तेव्हा म्हणालो होतो. आता नाही म्हणतोय."

एनिड उठून कोबीचं भांडं फिरवू लागली. झालं, सुटलो, असं तिला वाटलं. पण रसेलनं खुर्ची मागं सरकवली होती.

"काकांच्या तोंडून आत्या बोलतेय," तो म्हणाला. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा ना यांना! अजून एक हिवाळा हे झेपणार आहे तुम्हाला? आत्या, तुला काय गं. तू खिडकीतून नदी बघतेस आणि तुला उमाळे येतात. जन्मात कधी बार्जवर पाय ठेवलायस? थंडीत दोर ओढलायस कधी? मग कशाला गप्पा मारतेस नदीच्या!"

"रसेल," क्लेम म्हणाला. पण सावकाश म्हणाला. मुलगा बोलत होता ते त्यालाही पटत होतं.

एनिडनं कोबीचं भांडं रसेलपुढं ठेवलं. असलं ऐकायची तिला सवय होती, आणि दोन मिनिटांत हे संपलं असतं. पण विल्फला सवय नव्हती. तो उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तू जन्मायच्या आधी, बेअक्कल माणसा, तिनं चार वर्षं दोर ओढलेत! माझ्या टोपीत! मी केंटमध्ये बिछान्यावर होतो. माझी उमेदवारी तिनं केलीय, हा परवाना तिचा आहे, माझा नाही!"

आणि मग त्याला खोकल्याची अशी उबळ आली की त्याला खाली बसावं लागलं.

सगळ्यांच्या आधी भानावर आले ते मिस्टर ऑकेट. त्यांनी सुरी-काटा ताटलीत नीट जुळवून ठेवला.

"मिस्टर विल्फ्रेड, हे माझ्यासमोर बोलला नसतात तर बरं झालं असतं. आता मला विचारावंच लागेल. हे खरं असेल तर तुमचं मत धरता येणार नाही. मिस्टर क्लेमेंट एकटेच निर्णय घेतील." ते एनिडकडं वळले. "मिस स्कॅडिंग, त्या वेळच्या माहितगारांपैकी हयात अशा तुम्हीच. हे खरं आहे का?"

रसेलचं डोकं झरझर चाललं होतं. त्याला आश्चर्य वाटलंच, पण फायदाही दिसला. तो आत्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "आत्या, मी बोललो ते चुकलं. माफ कर. पण खरं असेल तर सांग ना. चाळीस वर्षं लपवलंस? सगळ्यांना कळू दे की. नावाड्यांच्या हॉलमध्ये तुझं नाव लागेल असं बघतो मी. शपथ."

त्यानं शब्द पाळलाही असता कदाचित. एनिडनं थोरल्या भावाकडं बघितलं. क्लेम तिच्याकडं टक लावून बघत होता, तोंड अर्धवट उघडं, जणू ही बाई कोण हे त्याला आठवत नव्हतं. साठ वर्षांत त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं. तिला हवं होतं ते, फार हवं होतं. पहाटेचं गोठलेलं धुकं, वल्ह्यानं सोलवटलेले तळवे, पुलाच्या कमानीखालून शंभर टनांची बार्ज एकटीनं सुखरूप काढल्यावर छातीत जे व्हायचं ते. आयुष्यात तेवढीच चार वर्षं ती खरी जगली होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर होती. पण हो म्हटलं की उद्या बार्ज मोडीत. गेल्याच वर्षी तिनं आग्रह धरून एका मुलीला टगवर उमेदवारीला घेतलं होतं, उघड, स्वतःच्या नावानं. तीही त्या त्रेसष्टांतच.

"काहीतरीच काय," एनिड म्हणाली. "विल्फला औषधानं गुंगी येते. मी बाबांच्या ऑफिसात होते, डबे पोचवायला जायचे धक्क्यावर, तेवढंच. मी कधी बार्जवर काम केलं नाही."

"एनिड!" विल्फ म्हणाला.

"तुझा गोंधळ होतोय, विल्फ. सांग त्यांना."

ज्या एका गोष्टीसाठी विल्फ एवढ्या लांब आला होता, तीच ती त्याच्याकडून काढून घेत होती, आणि तिच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की त्याला तोंड फिरवता येईना.

"असेल," तो शेवटी म्हणाला. "गोंधळ होतो माझा. मीच होतो नदीवर."

मिस्टर ऑकेटनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि तो एनिडपुढं सरकवला. मी, एनिड स्कॅडिंग, नदीवर कधीही काम केलेलं नाही. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि सही केली. रसेलनं तिच्या सहीकडं बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडं. त्याला समजलं होतं. पण सिद्ध कसं करणार, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याची हिंमतही झाली नाही. मिस्टर ऑकेटनी नोंद केली, एक मत विकण्याच्या बाजूनं, एक विरुद्ध, कंपनी आहे तशी चालू राहील. मग ते पुडिंगसाठी थांबले नाहीत. रसेलही त्यांच्या मागोमाग मोटारीपर्यंत गेला.

विल्फ मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. दार उघडं होतं, आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं. पण तो आत आला नाही.

एनिड भांडी घासायला लागली. जरा वेळानं क्लेम आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं फडकं हातात घेतलं. कंपनी विकली गेली नाही म्हणून तो चिडलेला असेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा हलका झाला होता.

"माझं तर काळीजच थांबलं होतं," तो म्हणाला. "क्षणभर मला वाटलं, खरंच आहे की काय. मग मी इतकी वर्षं कुणाचा अभिमान धरला, म्हटलं?"

"खुळा कुठला," एनिड म्हणाली.

"चालवू आणखी एक हिवाळा. विल्फला हवंय ना, मग चालवू. त्याचा हक्कच आहे." तो एकच ताटली पुसत राहिला. "त्यानं तुला कधी सांगितलं नसेल. गोदी पेटली त्या शनिवारची गोष्ट. बाबांनी मला जहाजावर पत्रात कळवली होती. दोन्ही काठ पेटलेले, गोदामातली साखर वितळून पाण्यावर जळत चाललेली, आणि हा पोरगा कोळशाच्या बार्जवर एकटा. टगवाल्यानं दोर तोडून दिला होता. याला पोहतासुद्धा येत नव्हतं. तरी भरतीबरोबर वर आणली त्यानं बार्ज, टॉवर ब्रिजच्या खालून, नुसत्या वल्ह्यावर."

भरती नव्हती, ओहोटी होती. पाणी वळेपर्यंत बार्ज खांबाला बांधून थांबावं लागलं होतं, म्हणून तर एवढा वेळ लागला होता. एनिडनं नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरून उभी राहिली.

"तुला काय कल्पना असणार म्हणा," क्लेम मायेनं म्हणाला. "तू ऑफिसात होतीस, तेच बरं."

"हो ना, मला कुठली कल्पना," एनिड म्हणाली. तिनं पुढची ताटली घासून त्याच्या हातात दिली. "मग पुढं काय केलं विल्फनं?"